हाताला येईल ते पान

आशालता सामंतच्या प्रबंधात एकच दोष होता. त्यात दोष सापडत नव्हता.

तीन वर्षं खाडीच्या चिखलातून आलेली पानं, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला कुरकुरणारा कलरीमीटर, मंगळवारी हमखास जाणारी वीज, आणि एवढं सगळं होऊन आलेख असा, की जणू पट्टी ठेवून काढलाय. मुंबईच्या तिच्या मार्गदर्शक सरांनी तो पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. "फील्डवर्कमध्ये इतका स्वच्छ डेटा मी आयुष्यात पाहिलेला नाही," ते म्हणाले. सरांना कौतुक करायची सवय नव्हती, त्यामुळे ते थोडं आरोपासारखं ऐकू आलं. आशालतानं ते कौतुक म्हणूनच घेतलं आणि खाली येऊन कँटीनमध्ये दोन समोसे खाल्ले.

विषय तसा सरळ होता. तिवराचं झाड खाऱ्या चिखलात उभं राहतं, हे वसईत कुणालाही ठाऊक असतं. पण ते कसं उभं राहतं हे त्याच्या पानाला विचारावं लागतं. मुळांशी खारटपणा वाढला की पानात सोडियम वाढतं, क्लोराइड वाढतं, हिरवा रंग थोडा उतरतो, आणि पान प्रोलीन नावाचं एक द्रव्य जास्त बनवू लागतं, म्हणजे पेशींमधलं पाणी टिकून राहावं. तरीही मीठ उरलं तर पान ते घामासारखं अंगावर टाकतं, आणि ऊन चढलं की त्याचे बारीक दाणे चमकायला लागतात. थोडक्यात, मीठ जास्त झालं तर तिवर तक्रार करत नाही, प्रोलीन बनवतं. आशालताला या झाडाबद्दल आदर होता. चंदनसारच्या तिच्या इमारतीत बोअरचं पाणी इतकं खारट यायचं की त्यात डाळ शिजत नसे, आणि सोसायटीच्या सभेत तक्रारी करून करून तिनं हात टेकले होते.

खारटपणा बदलला की पान कसं बदलतं ते पाहायचं, तर जागा वेगवेगळ्या हव्यात. तिनं तीन निवडल्या. पहिली बंद पडलेल्या मिठागराच्या कडेची, सगळ्यात खारी. दुसरी खाडीच्या तोंडाची. तिसरी आत, वाड्यांमधून येणारा गोड्या पाण्याचा ओढा खाडीला मिळतो तिथली. प्रत्येक जागेच्या पिशव्यांना वेगळ्या रंगाची सुतळी ठरली: मिठागराला लाल, खाडीला पिवळी, ओढ्याला हिरवी. दर महिन्याच्या अमावास्येच्या उधाणानंतर, ओहोटीला, पानं काढायची.

पहिल्या महिन्यात, म्हणजे शहाण्णव सालच्या एप्रिलमध्ये, ती स्वतः गेली आणि कमरेपर्यंत चिखलात रुतली. तिला बाहेर काढलं विठ्ठल म्हात्रेंनी. पस्तीस वर्षं त्याच मिठागरावर काम केलेला माणूस. मिठागर बंद झाल्यापासून बांधावर बसून पाण्याकडे बघणं एवढंच काम उरलेलं. त्यांनी तिला ओढून काढलं, तिची एक चप्पल मात्र आतच राहिली. ती अजून तिथंच असावी.

"मॅडम, तुमी कालेजात शिकवा," विठ्ठलकाका म्हणाले. "पानं मी आनतो."

आशालतानं त्यांना बांधावर उभं राहून सगळं समजावलं. प्रत्येक जागी पाच झाडं, फांदीच्या टोकापासून तिसरी जोडी, जागेमागे शंभर पानं. "आणि काका, निवडायचं नाही हं. हाताला येईल ते पान." विठ्ठलकाकांनी मान हलवली. मग, चिखलानं भरलेल्या साडीत उभी असताना कुणीतरी इतक्या लक्षपूर्वक ऐकून घेतंय म्हटल्यावर तिला राहवलं नाही, आणि तिनं पुढचंही सांगून टाकलं. लाल जागेच्या पानात मीठ सगळ्यात जास्त निघायला हवं, पिवळ्यात मध्यम, हिरव्यात सगळ्यात कमी. हे सांगायची काहीएक गरज नव्हती. पण शिकवणाऱ्या माणसाला एकदा श्रोता सापडला की तो तास संपल्याशिवाय थांबत नाही.

"कललं," विठ्ठलकाका म्हणाले, आणि त्यांना खरोखरच कळलं होतं.

त्यानंतर चौतीस महिने त्यांनी एकही खाडा केला नाही. उधाण उलटलं की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते प्रयोगशाळेच्या दारात उभे असत, चपला बाहेर काढून, हातात तीन रंगांच्या सुतळ्यांच्या पिशव्या. पानं एकावर एक रचलेली, देठ एका बाजूला. प्रयोगशाळेतला मदतनीस फर्डिनंड हा गिरीजचा, घरी केळीची वाडी असलेला. तोसुद्धा म्हणायचा, की केळीचा लोंगर बाजारात न्यायचा तर आम्ही एवढं सजवत नाही. तो ती पानं डिस्टिल्ड वॉटरनं तीनदा धुवायचा, मग आशालता ती वाटायची, आणि मग सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानं सोडत विटकरी रंग येईपर्यंत मोजायचं. लाल सुतळीला जास्त थेंब. पिवळीला मध्यम. हिरवीला कमी. एकदाही चूक नाही. प्रोलीनचंही तसंच, ओळीत.

कॉलेजच्या संस्थेनं तिला कळवलं होतं की नव्व्याण्णवच्या एप्रिलअखेर प्रबंध विद्यापीठात गेला तर तिची जागा कायम होईल, नाहीतर जाहिरात निघेल. आशालता तेव्हा एकोणचाळीसची होती. जाहिरात निघाली तर त्या जागेसाठी मुलाखतीला शेजारच्या खुर्चीत तिचेच विद्यार्थी बसणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. पण काळजीचं कारण नव्हतं. फेब्रुवारीतच तुळिंजच्या एका संगणकाच्या दुकानात प्रबंधाची चार प्रकरणं टाइप होऊन पडली होती. पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं होतं, की नमुने यादृच्छिक पद्धतीने गोळा करण्यात आले. कुणी केले ते लिहिलं नव्हतं. शास्त्रात तसा रिवाज आहे.

फेब्रुवारीच्या उधाणानंतर विठ्ठलकाका आले ते पिशव्यांशिवाय. चपला बाहेर काढून ते आत आले आणि उभेच राहिले.

"मॅडम, एक अडचन झाली."

"काय झालं काका? बसा ना."

"डागतर बोल्ला परेशर हाय. मीठ बंद."

"मग बंद करा लगेच," आशालता म्हणाली. "हे हसण्यावारी न्यायचं नसतं."

"घरान बंदच केलाय. सून अलनी भाजी वाढते, ती पन खातो. पन मॅडम, तुमच्या पानांचा काय?"

"पानांचं काय?"

विठ्ठलकाकांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की एवढ्या शिकलेल्या बाईला हे कसं सुचलं नाही. "पानं आता कोन चाखील?" ते म्हणाले.

टेबलामागे फर्डिनंड चंचुपात्र धूत होता. त्यानं नळ बंद केला.

आशालतानं शांतपणे, परीक्षेच्या हॉलमध्ये विचारतात तशा आवाजात, चाखायचं म्हणजे काय ते विचारलं. विठ्ठलकाकांनी तितक्याच शांतपणे सांगितलं. मिठागरावर व्यापारी आला की त्याला मुठीत नमुना द्यायचा असतो. तो नमुना काय ढिगात हात घालून येईल तो देत नाहीत. पांढरं मीठ मागितलं तर पांढऱ्यातलं पांढरं निवडायचं, जाडं मागितलं तर जाडं, आणि प्रत्येक चिमूट जिभेवर ठेवून बघायची. मॅडमनी लाल सुतळीला खारं सांगितलं होतं. मग झाडावरून दोनशे पानं काढायची, एकेक जिभेला लावायचं, थुंकायचं, आणि खारी शंभर पिशवीत घालायची. हिरव्या सुतळीला उलटं. पिवळीला सगळ्यात जास्त वेळ लागायचा, कारण मध्यम चव धरून ठेवणं सोपं नसतं.

"मी तुम्हाला निवडू नका म्हटलं होतं," आशालता म्हणाली.

"बोल्ला होता ना," विठ्ठलकाका म्हणाले. "व्यापारी पन तसाच बोलतो. चालंल, दे कसला पन. पन मानसानं समजून घ्यावा लागतो." मग जरा ताठ होऊन म्हणाले, "चौतीस महिन्यान एक पान खोटा दिला नाय, मॅडम."

आशालतानं मनातल्या मनात हिशेब केला. महिन्याला सहाशे पानं, चौतीस महिने. वीस हजारांवर पानं या माणसानं तिच्यासाठी चाटली होती. तिला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि त्यांच्या पायाही पडायचं होतं, आणि यातलं एकही करणं शक्य नसल्यानं तिनं फर्डिनंडला चहा आणायला पाठवलं. चहा झाल्यावर ती म्हणाली, की या महिन्याची पानं मी बघते, तुम्ही औषध वेळेवर घ्या. विठ्ठलकाका गेले. जाताना त्यांनी बजावलं, की लाल जागेला उत्तरेकडच्या झाडाला भुलायचं नाही. दिसायला ऐटदार आहे, पण पानात काही नाही.

रविवारी आशालता फर्डिनंडचे गमबूट घालून, पायाखाली फळी टाकत, तिन्ही जागी फिरली. फांदी धरली की डोळे मिटायचे आणि तिसरी जोडी खुडायची. उत्तरेकडच्या ऐटदार झाडाचीही खुडली. सोमवारी आणि मंगळवारी (वीज गेलीच) तिनं आणि फर्डिनंडनं ती मोजली. मग तिनं आलेख काढला. लाल, पिवळी आणि हिरवी अशा तीन रेषा एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या, की लहान मुलानं दोरे विस्कटून ठेवावेत. सरासरीत लाल किंचित वर होती, हिरवी किंचित खाली. पण एकाच झाडाच्या दोन पानांत जेवढा फरक होता तेवढा तीन जागांमध्ये नव्हता.

"मॅडम, आधीचा जास्त चांगला दिसत होता," फर्डिनंड म्हणाला.

त्याच संध्याकाळी तिनं स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा "जीभ?" असं विचारलं, आणि तिनं "हो, जीभ" असं सांगितलं. मग बूथच्या मीटरवर नुसते आकडे पडत राहिले.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?" सरांनी विचारलं.

"मला, फर्डिनंडला, आणि विठ्ठलकाकांना."

"यातलं तुझा प्रबंध वाचणारं कोण आहे?"

"मी आहे, सर," आशालता म्हणाली.

सर म्हणाले, की उद्या बोलू. बूथवाल्यानं पावती फाडून दिली.

ती घरी चालत गेली. गप्प बसावंसं तिला वाटत होतं, फार वाटत होतं, आणि त्यात तिला लाजही वाटत नव्हती. सगळं खोटं थोडंच होतं? प्रत्येक पान खरं होतं, प्रत्येक थेंब तिनं स्वतः मोजला होता. ज्या पानात मीठ जास्त त्यात प्रोलीन जास्त, हे तर आताच्या विस्कटलेल्या आकड्यांतही दिसत होतं. फक्त जागांची गोष्ट खोटी होती, आणि प्रबंधाचं नाव जागांवरूनच होतं. रात्रीच्या जेवणात तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं. नवऱ्यानं ती मुकाट्यानं खाल्ली आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेतला. ते बघून का कोण जाणे, तिचं ठरलं.

पण आधी विठ्ठलकाकांना सांगणं भाग होतं. पद्धतीच्या प्रकरणात खरं काय ते लिहून त्यांचं नाव घालायचं तर त्यांना न विचारता घालता येत नव्हतं, आणि विचारायचं तर का ते सांगावं लागणार. शनिवारी ती त्यांच्या घरी गेली. मिठागराच्या वस्तीतलं बसकं कौलारू घर, पुढं ओटा. विठ्ठलकाका ओट्यावर बसून अळणी पेज पीत होते. त्यांची सून पिंकी आत भांडी घासत होती आणि एक कान बाहेर ठेवून होती.

आशालतानं शक्य तितकं साधं करून सांगितलं. समजा वस्तीतली माणसं किती उंच आहेत ते बघायचंय. आपण एका आळीतून नुसती उंच माणसं बोलावली आणि दुसऱ्या आळीतून नुसती बुटकी, तर काय दिसेल?

विठ्ठलकाकांनी पेजेची वाटी खाली ठेवली. त्यांना कळलं होतं. पहिल्या दिवशी कळलं होतं तसंच आताही पटकन कळलं होतं.

"म्हंजे मी तुमचा काम खराब केला," ते म्हणाले.

"तुम्ही नाही. मी केलं. मी बांधावर उभं राहून काय निघायला हवं ते सांगितलं, आणि नंतर तीन वर्षं एकदाही तिकडे फिरकले नाही."

"तीन वरसं," विठ्ठलकाका म्हणाले. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातचा माल एकदाही परत आला नव्हता, असं ते नेहमी सांगत, आणि आता तो परत घेऊन ही बाई ओट्यावर बसली होती. आशालताला इतकं वाईट वाटलं, की जागा कायम होण्याचा विचार तिच्या डोक्यातून त्या घटकेपुरता निघून गेला.

"तुम्ही चांगलीच पानं आणलीत, काका," ती म्हणाली. "चूक एवढीच, की मला वाईट पानंही हवी होती."

विठ्ठलकाकांनी डोळे पुसले आणि वैतागून तिच्याकडे पाहिलं. "मंग ती मागाची ना. ती तं माल्यावर हायत."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "एकदाचं कुनी विचारलं," पिंकी बाहेर येत म्हणाली. "तीन वर्सं पालापाचोला सांभालतेय मी. पापडाचा डबा ठेवायला माल्यावर जागा नाय."

शिडी लावून आशालता वर चढली. कौलांखाली चार गोणपाटं होती. त्यांत जुन्या कॅलेंडरच्या पानांत बांधलेले पुडे होते, महिन्याला एक कॅलेंडरचं पान. एप्रिल शहाण्णव, मे शहाण्णव, सगळे ओळीनं. प्रत्येक पुड्यात तीन जुड्या, लाल, पिवळ्या आणि हिरव्या सुतळीच्या. पानं वाळून तपकिरी झाली होती, पण एकही कुजलं नव्हतं. जानेवारी नव्व्याण्णवच्या पुड्यावर पिंकीनं दूध न आलेल्या दिवसांवर मारलेल्या फुल्या होत्या.

"टाकली का नाहीत?" आशालतानं वरूनच विचारलं.

"टाकाला काय माझी हायत?" विठ्ठलकाका खालून म्हणाले. मिठागरावर नाकारलेला माल मालकाचाच असतो. तो बघेपर्यंत बाजूला ठेवायचा. मालकाला न विचारता टाकला, तर उद्या तो म्हणेल, की तूच चोरून विकलास. मॅडमनी टाका असं कधी म्हटलं नव्हतं.

आशालता माळ्यावर, एप्रिल शहाण्णवच्या पुड्याशेजारी बसून थोडा वेळ रडली. पिंकीला वाटलं की धूळ डोळ्यांत गेली असावी. तिनं पाणी दिलं.

गोणपाटं टेंपोतून कॉलेजात आली, पण म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. वाळलेल्या पानात प्रोलीन विश्वासानं मोजता येत नाही. त्याला ताजं पान लागतं. मीठ मात्र कुठं जात नाही. म्हणजे निम्मा प्रबंध वाचला होता आणि निम्म्यासाठी आणखी एक वर्ष पानं खुडावी लागणार होती, या वेळी हाताला येतील ती. सर आठ दिवस बोलले नाहीत, मग मुदतवाढीच्या अर्जावर सही केली. एप्रिल गेला. जाहिरात निघाली, जागा दुसऱ्याला मिळाली (तो तिचा विद्यार्थीच होता, आणि हुशार होता), आणि आशालता तासिका तत्त्वावर शिकवू लागली. स्टाफरूममधलं कपाट तिनं किल्लीसकट रिकामं करून दिलं. या सगळ्याचं तिला वाईट वाटलं का, तर वाटलं. ती बाथरूमचा नळ सोडून रडायची, आणि नळाचं पाणी खारटच होतं.

उधाणानंतर आता ती स्वतः जायची. विठ्ठलकाका बांधावर बसून तिला पाय कुठं टाकायचा ते सांगत. पानाकडे मात्र ते बघत नसत. ती खुडायला लागली की ते मान वळवून खाडीकडे तोंड करायचे, कारण डोळ्यांदेखत एखादं फिकं पान लाल पिशवीत जाताना त्यांना बघवत नसे.

नवा प्रबंध पूर्वीइतका देखणा नव्हता. त्यात जागांमधला फरक थोडा होता आणि पानापानांतला बराच. चौथ्या प्रकरणात घेतलेली आणि नाकारलेली पानं शेजारी शेजारी मांडली होती, चौतीस महिन्यांची, आणि माणसानं निवडलं की उत्तर किती लांब सरकतं ते मोजून दाखवलं होतं. पद्धतीच्या प्रकरणात वाक्य होतं: ही पानं श्री. विठ्ठल म्हात्रे यांनी काढली व चव घेऊन वेगळी केली. सरांनी त्याखाली पेन्सिलनं रेघ मारली, मग खोडरबरानं पुसली.

तोंडी परीक्षा दोन हजार सालच्या डिसेंबरात, मुंबईला सरांच्या विभागात झाली. विठ्ठलकाका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्यांना वाट माहीत नसल्यानं फर्डिनंड त्यांच्याबरोबर आला होता. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून त्यांनी पहाटेच तिवराची पिशवीभर पानं आणली होती. ती मांडीवर घेऊन ते बाहेरच्या बाकावर बसले.

बाहेरगावचे परीक्षक हे बारीक आवाजाचे, मराठी जाणणारे गृहस्थ होते. त्यांनी प्रबंध चौथ्या प्रकरणाशी उघडला.

"हे सगळं प्रकरण एका माणसाच्या जिभेवर उभं आहे," ते म्हणाले. "ती जीभ खरी कशावरून? यानं अंदाजपंचे दोन वाटे केले नसतील कशावरून? तसं असेल, तर हे प्रकरण काढावं लागेल. आणि ते काढलं तर उरलेल्यावर पदवी देता येईल, असं मला वाटत नाही."

आशालतानं दाराकडे बोट दाखवलं. "ते बाहेर बसलेत, सर," ती म्हणाली.

विठ्ठलकाका आत आले. परीक्षकांनी त्यांच्याच पिशवीत न बघता हात घातला, दहा पानं काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, की यातली खारी एकीकडे करा, फिकी एकीकडे.

विठ्ठलकाका हलले नाहीत. त्यांनी पानांकडे पाहिलं, मग आशालताकडे. "डागतरनं बंद केलाय," ते म्हणाले. फर्डिनंड मागून म्हणाला, की दहा पानांनी काही होत नाही, काका. पण ते खरं कारण नव्हतंच. त्यांनी आवाज खाली आणला.

"मॅडम, निवडू का?"

"निवडा, काका," आशालता म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही, म्हणून ती पुन्हा म्हणाली, "निवडा."

विठ्ठलकाकांनी पहिलं पान जिभेला लावलं आणि डोळे मिटले. जवळजवळ दोन वर्षांनी. चेहरा असा झाला, की परीक्षकांनीसुद्धा नजर दुसरीकडे वळवली. थुंकायची सोय नव्हती, म्हणून सरांनी आपली बशी पुढे केली. खारी पाच पानं उजवीकडे गेली, फिकी चार डावीकडे. एक पान त्यांनी दोनदा चाखलं आणि मधेच ठेवलं.

विभागाचा मदतनीस जेवायला गेलेला होता, म्हणून फर्डिनंडनं बाह्या वर केल्या. त्यानं नऊ पानं तीनदा धुतली, वाटली, आणि एकेकाला थेंब सोडत गेला. दीड तास लागला. उजवीकडच्या पाचांतलं सगळ्यात फिकं पानसुद्धा डावीकडच्या चारांतल्या सगळ्यात खाऱ्या पानापेक्षा चार थेंबांनी पुढं होतं. परीक्षकांनी आकडे स्वतः लिहून घेतले आणि पुन्हा तपासले. मग त्यांनी मधल्या पानावर बोट ठेवलं.

"हे बाजूला का ठेवलंत?"

"ते कोनच्याच ढिगातला नाय," विठ्ठलकाका म्हणाले. "मिठागरावर असा माल व्यापाऱ्याला दाखवत नायत. मागं ठेवतात." मग त्यांनी ते पान उचललं आणि देठाकडून धरून, फूल द्यावं तसं आशालताच्या हातात दिलं. "पन आमच्या मॅडमला तो पन लागतो."

परीक्षकांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि अहवालाचं शेवटचं पान पुढे ओढलं.

"सर, जरा थांबता का?" ती म्हणाली आणि पान फर्डिनंडकडे दिलं. "दहाव्याचं रीडिंग राहिलंय."